कुठल्या वारी चुकते गोळी?

पत्र थोडक्यात (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत):

नाशिकच्या सातपूर भागातल्या एका ताईंचं पत्र आहे. वय 36. त्या आणि त्यांचे मिस्टर दोघंही एचआयव्हीबाधित आहेत. सात वर्षांपूर्वी दोघांचं एकदमच कळलं, औषधंही एकदमच सुरू झाली. मुलगा नऊ वर्षांचा आहे, त्याची चाचणी निगेटिव्ह आली आहे. घर एकत्र: सासूबाई, मोठे दीर, जाऊबाई. त्यांच्यापैकी कुणालाच हे माहीत नाही. ताईंच्या व्हायरल लोडच्या, म्हणजे रक्तातल्या विषाणूच्या प्रमाणाच्या, रिपोर्टवर दर वेळी 'आढळला नाही' असं येतं. मिस्टरांचा मात्र या वेळी 22,000 आला. ते कंपनीत फिरत्या शिफ्टमध्ये आहेत आणि गोळीची बाटली बाइकच्या डिकीत ठेवतात. सेकंड शिफ्टच्या आठवड्यात गोळी 'राहून जाते', शनिवारी दोस्तांबरोबर बसणं असतं तेव्हा तर घेतच नाहीत. गेल्या महिन्यात औषध आणायच्या तारखेच्या आदल्या रात्री उरलेल्या अकरा गोळ्या त्यांनी संडासात टाकताना ताईंनी पाहिलं. मागे एकदा औषध घेताना गोळ्या जास्त उरल्या म्हणून चार लोकांसमोर बोलणी खावी लागली होती, तेव्हापासून हे सुरू आहे. दोनदा त्यांच्या गोळ्या संपल्या तेव्हा ताईंनी आपल्यातल्या दिल्या. त्या लिहितात: 'त्यांना जिवाची पर्वाच नाही. दिसायला धडधाकट आहेत, म्हणतात मला काय धाड भरली आहे. मोठ्या भाऊजींचा त्यांना धाक आहे, भाऊजींना सांगून टाकू का? का रोज गोळी कुटून वरणात घालू? सात वर्षं दोघांचं मीच बघते आहे. मी कुठं कमी पडले?'

ताई,

आधी वरणाचं बोलू. घालू नका. मोठ्या माणसाला त्याच्या नकळत औषध देणं कायद्यात बसत नाही. 2017 च्या एचआयव्ही-एड्स कायद्यात तपासणी आणि उपचार, दोन्हींसाठी त्या व्यक्तीची समजून दिलेली संमती लागते. पण कायदा बाजूला ठेवला तरी हा उपाय चालणारा नाही. ज्या दिवशी ते स्वतःहून गोळी घेतील त्या दिवशी पोटात दोन जातील. ज्या दिवशी ताटात वरण टाकून उठतील त्या दिवशी अर्धी जाईल, आणि किती गेली ते तुम्हाला कळणार नाही. शिवाय सेकंड शिफ्टला ते जेवतात कंपनीत, म्हणजे जिथं गोळी सगळ्यात जास्त चुकते तिथं तुमचं वरण पोचतच नाही. आणि हे कधीतरी कळणारच. गोळीवर राग होताच, मग तो ताटावर आणि तुमच्यावर येईल.

आता 'पर्वाच नाही' या वाक्याकडे जरा थांबू. सात वर्षांत तुमच्या मिस्टरांना अडीच हजारांहून जास्त वेळा ही गोळी घ्यायची होती. पर्वा नसती तर त्यांनी ती पहिल्या वर्षीच सोडली असती, आणि तारखेच्या आदल्या रात्री गोळ्या टाकायची दगदगही केली नसती. टाकणाऱ्या माणसाला लाज आहे, भीती आहे. बेपर्वा माणूस उरलेली बाटली सरळ टेबलावर ठेवतो.

तुमच्याच पत्रातून हिशेब मांडू. तीसपैकी अकरा चुकल्या. त्या महिन्यात सेकंड शिफ्टचा एक आठवडा, म्हणजे कामाचे सहा दिवस. उरलेले तीन शनिवार. हे झाले नऊ. इकडच्या तिकडच्या दोन. हा अंदाज आहे, खरा हिशेब तेच सांगू शकतील. पण हे चित्र साधारण बरोबर असेल तर फर्स्ट शिफ्टला आणि नाईटला, शनिवार सोडून, ते गोळी घेतात. त्यांना गोळी घेता येते, घ्यायची तयारीही आहे. ठरावीक दिवशी ठरावीक अडचण आडवी येते. म्हणून त्यांना 'तुम्ही का घेत नाही?' असं विचारण्यापेक्षा 'कुठल्या वारी चुकते?' असं विचारणं जास्त कामाचं आहे. पहिल्याचं उत्तर भांडणात मिळतं, दुसऱ्याचं कॅलेंडरवर.

पहिली अडचण: रात्रीचे नऊ

तुमच्याकडे गोळीची वेळ रात्री नऊ आहे असं पत्रात ओझरतं आलं आहे. ती नऊची वेळ आली कुठून? सात वर्षांपूर्वी बहुतेकांना सुरुवातीला जी एकत्रित गोळी मिळायची तिच्यात एफाव्हिरेन्झ हे औषध असायचं. त्यानं चक्कर यायची, डोकं जड व्हायचं, चित्रविचित्र स्वप्नं पडायची. म्हणून ती झोपताना घ्या असं सांगत. पुढं सरकारी कार्यक्रमात 'टीएलडी' आली: टेनोफोव्हिर 300 मिलिग्रॅम, लॅमिव्ह्युडिन 300 आणि डोल्युटेग्रॅव्हिर 50, तिन्ही एकाच गोळीत, दिवसातून एकदा. हिला रात्रीचीच वेळ लागत नाही. उलट काहींची झोप हिनं उडते, त्यांनी ती सकाळी घेतलेली बरी. गोळी बदलली आणि वेळ मात्र जुन्या गोळीचीच राहिली. असं फार घरांत झालं आहे. बाटलीवरचं नाव एकदा वाचून खात्री करा. डोल्युटेग्रॅव्हिर लिहिलेलं असेल तर नऊ वाजण्याचा हट्ट सोडता येतो.

सेकंड शिफ्टला नऊ वाजता तुमचे मिस्टर असतात मशीनवर, नाहीतर कँटीनमध्ये, दहा जणांच्या घोळक्यात. तिथं खिशातून बाटली काढली की कुणीतरी म्हणणारच, 'काय रे, कसली गोळी?' आज बीपीची सांगता येईल, रोज कसं सांगणार? म्हणून ती डिकीत राहते आणि घरी पोचेपर्यंत साडेबारा वाजतात. 'आता काय, उद्या घेऊ.'

तिन्ही शिफ्टना जुळेल असं घड्याळातलं एकच वाजणं शोधून पाहा, सापडणार नाही. सकाळी 7 ते साडेतीन, साडेतीन ते 12 आणि 12 ते 7 अशा शिफ्ट धरल्या तर माणूस तिन्ही आठवड्यांत घरी आणि जागा असेल असा तास जवळपास उरत नाही. त्यामुळं घड्याळ सोडा, गोळी उठण्याला बांधा. झोपून उठलं, तोंड धुतलं, गोळी घेतली. फर्स्टला ते पहाटे सव्वापाचला होईल, सेकंडला साडेआठला, नाईटला दुपारी तीनला. शिफ्ट बदलताना एखाद्या दिवशी दोन गोळ्यांमधलं अंतर तीस-एकतीस तास होईल, एखाद्या दिवशी चौदा. टीएलडी इतकं सोसते. डोल्युटेग्रॅव्हिरचं रक्तातलं प्रमाण निम्मं व्हायला साधारण चौदा तास लागतात आणि टेनोफोव्हिरचा कामाचा भाग पेशींच्या आत काही दिवस टिकतो. नियम एकच ठेवा: एका तारखेला एक गोळी. घेतली की कॅलेंडरवर त्या तारखेला बारीक ठिपका. दुधाचा हिशेब लिहितोच की आपण कॅलेंडरवर, हा ठिपका कुणाच्या डोळ्यात येणार नाही. उठल्यावर राहिली तर दिवसात आठवेल तेव्हा घ्यायची. दुसऱ्या दिवशी 'कालची आणि आजची' म्हणून दोन एकदम घ्यायच्या नाहीत.

वेळ बदलण्याआधी एआरटी केंद्रावरच्या, म्हणजे जिथून एचआयव्हीच्या गोळ्या मिळतात तिथल्या, डॉक्टरांना एकदा सांगा. दोन जणांनी तर विचारल्याशिवाय हे करूच नये. एक, ज्यांना टीबीचं औषध चालू आहे. टीबीच्या औषधातलं रिफाम्पिसिन डोल्युटेग्रॅव्हिरचं प्रमाण उतरवतं, म्हणून त्यांना बारा तासांनी डोल्युटेग्रॅव्हिरची जादा गोळी देतात आणि तिथं वेळ पाळावीच लागते. दुसरे, ज्यांना दुसऱ्या फळीची, म्हणजे पहिली औषधं निकामी झाल्यावर देतात ती, औषधं चालू आहेत.

दुसरी अडचण: शनिवार

'दारूवर गोळी घेतली तर रिअ‍ॅक्शन येते' असं आपल्याकडे सर्रास धरून चालतात. त्यामुळं पिणारा माणूस त्या दिवशी गोळी टाळतो, आणि वर आपण काळजी घेतली असं त्याला वाटतं. टीएलडीच्या बाबतीत ही भीती खोटी आहे. दारू चांगली असं आमचं म्हणणं नाही. ती यकृताला, झोपेला आणि खिशाला लागायची ती लागतेच. पण प्यायलेल्या दिवशी गोळी सोडल्यानं नुकसान एकाचं दोन होतं. गोळी उठल्यावर घ्यायची ठरली तर शनिवारचा प्रश्न निम्मा आपोआप सुटतो, कारण बसणं असतं रात्री आणि गोळी पोटात गेलेली असते सकाळीच.

अशाच आणखी दोन समजुती पाहा. एक, 'गोळी गरम पडते', म्हणून उन्हाळ्यात एक दिवसाआड घेणारे लोक आहेत. दुसरी, 'रिकाम्या पोटी चालत नाही', म्हणून नवरात्राचे नऊ दिवस, श्रावणी सोमवार, एकादशी अशा उपासाच्या दिवशी गोळीलाही सुट्टी. टीएलडी जेवून घ्या, न जेवता घ्या, उपासाला पाण्याबरोबर घ्या, चालते. नवरात्राचे नऊ दिवस गोळी बंद म्हणजे महिन्याच्या तीसपैकी एकवीसच पोटात गेल्या.

एक गोष्ट मात्र खरोखर आड येते आणि तिच्याबद्दल कुणी विचारत नाही: अ‍ॅसिडिटीचं औषध. शिफ्टमधल्या माणसांच्या खिशात ते असतंच. अ‍ॅल्युमिनियम किंवा मॅग्नेशियम असलेलं पातळ औषध किंवा चघळायची गोळी डोल्युटेग्रॅव्हिरला पोटातच धरून ठेवते, ते रक्तात नीट जात नाही. अशा औषधाच्या किमान दोन तास आधी किंवा घेतल्यावर सहा तासांनी टीएलडी घ्यावी. लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्यांनाही हाच नियम, फक्त त्या जेवणाबरोबर टीएलडीसोबत घेतलेल्या चालतात. ताई, हे तुमच्यासाठीही आहे, कारण लोह-कॅल्शियम बहुधा तुम्ही घेत असाल. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन चालू असेल किंवा फिट्सची गोळी चालू असेल तर तेही केंद्रावर सांगायचं, दोन्हींत डोस पाहावे लागतात.

डिकी

डिकीतून बाटली काढा, आजच. या गोळ्या तीस अंशांच्या खाली ठेवायच्या असतात. एप्रिल-मेमध्ये नाशिकचा पारा चाळिशीला टेकतो आणि कंपनीच्या पार्किंगमध्ये उन्हात उभ्या असलेल्या बाइकची डिकी म्हणजे भट्टीच. बाटलीत जी ओलावा शोषणारी छोटी पुडी असते ती फेकू नका. सगळ्या गोळ्या प्लास्टिकच्या पिशवीत ओतून ठेवायच्या आणि लेबलवाली बाटली फेकायची, हेही नको. ओलावा लागतो, औषधाचं नाव आणि मुदत दोन्ही हरवतात. मोठी बाटली तुमच्या कपाटात कुलपात, नेहमीच्या जागी. आठवड्याच्या सात गोळ्या एका छोट्या कोरड्या, घट्ट झाकणाच्या डबीत. बाटली खुळखुळते म्हणून लोक ती बरोबर न्यायला घाबरतात, डबीत थोडा कापूस घातला की आवाज येत नाही. एक जादा गोळी कागदात गुंडाळून पाकिटात ठेवली तर लग्नाला, वणीला, गावी मुक्काम वाढला तरी अडत नाही. पाकिटातली ती गोळी दर आठवड्याला बदला, घामानं खराब होते.

संडासात टाकलेल्या अकरा गोळ्या

आम्हाला सगळ्यात जास्त काळजी याची वाटते. गोळ्या चुकण्यापेक्षाही चुकलेल्या लपवण्याची.

तारखेला गोळ्या मोजतात त्या कशासाठी? तीसपैकी एक चुकली तर सत्त्याण्णव टक्के, दोन चुकल्या की त्र्याण्णव. पंच्याण्णव टक्क्यांच्या वर राहावं अशी अपेक्षा असते. तुमच्या मिस्टरांचं प्रमाण त्रेसष्टच्या आसपास आहे, पण कागदावर शंभर लागलं. आता डॉक्टरांच्या बाजूनं पाहा. समोर माणूस आहे, शंभर टक्के गोळ्या घेतो, आणि व्हायरल लोड 22,000. यातून त्यांना काय दिसेल? औषध निकामी झालं, विषाणू औषधाला सरावला. मग दुसऱ्या फळीकडे जाण्याचा विचार सुरू होतो: जास्त गोळ्या, जास्त त्रास, लपवायला आणखी कठीण. हे सगळं अकरा गोळ्यांच्या लाजेपोटी.

खरं सांगितलं तर रस्ता वेगळा आहे. व्हायरल लोड 1,000 किंवा त्याहून जास्त आला की आधी गोळ्या कुठं चुकतात यावर समुपदेशन जोरात करतात आणि गोळ्या नीट चालू ठेवून साधारण तीन महिन्यांनी पुन्हा तपासतात. डोल्युटेग्रॅव्हिर सहजासहजी हार मानणारं औषध नाही. गोळ्या नियमित झाल्या की त्याच गोळीवर व्हायरल लोड पुन्हा खाली येणाऱ्यांची संख्या मोठी आहे. याचा अर्थ ते कधीच निकामी होत नाही असा नाही. अर्धवट गोळ्यांमुळं रक्तात औषध थोडंच राहतं, तेवढ्यानं विषाणू मरत नाही पण औषधाशी ओळख मात्र करून घेतो. त्यामुळं तुमच्याकडे अजून वेळ आहे, पण तो उधळायला नाही.

बोलणी खाण्याचं काय? चार लोकांसमोर रागावणं चूकच होतं. तुम्ही दोघांनी समुपदेशकांकडे वेगळं बसून बोलायची वेळ मागा. सुरुवात अशी करता येईल: 'मॅडम, आधीचे आकडे बरोबर नाहीत. गोळ्या चुकत होत्या आणि आम्ही टाकत होतो. रागावू नका, वेळ बदलून द्या.' तिथं ऐकून घेतच नाहीत असं झालं तर 1097 या राष्ट्रीय मोफत हेल्पलाइनवर विचारता येतं, आणि रीतसर ट्रान्सफर घेऊन दुसऱ्या केंद्रात नाव नेता येतं. न सांगता तिथं जाणं बंद करायचं आणि दुसरीकडे नव्यानं नाव घालायचं, हे मात्र करू नका. जुने रिपोर्ट तुटतात आणि डॉक्टर आंधळे होतात.

'मला काय धाड भरली आहे?'

गोळ्या थांबल्या की विषाणू बहुतेकांत दोन ते चार आठवड्यांत पुन्हा वाढू लागतो, पण अंगाला ते जाणवत नाही. काही पेशींमध्ये तो वर्षानुवर्षं झोपून असतो, औषध तिथं त्याला मारू शकत नाही, फक्त उठू देत नाही. सीडी फोर, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या पेशींचा आकडा, हळूहळू उतरतो, माणूस महिनोन्‌महिने धडधाकट दिसतो. मग एक दिवस खोकला जात नाही. सीडी फोर चांगला असताना औषधाला मध्ये मध्ये सुट्टी दिली तर चालेल का, हा प्रश्न डॉक्टरांनाही पडला होता. तेहतीस देशांतल्या पाच हजारांहून जास्त लोकांवर झालेल्या 'स्मार्ट' नावाच्या अभ्यासात सुट्टी घेणाऱ्यांत आजार आणि मृत्यू दोन्ही जास्त निघाले. 2006 मध्ये तो प्रसिद्ध झाला आणि विषय संपला. ज्यांना हिपॅटायटिस बी आहे त्यांच्यासाठी तर मध्येच थांबणं आणखी धोक्याचं आहे. टेनोफोव्हिर आणि लॅमिव्ह्युडिन ही दोन्ही त्या विषाणूलाही दाबून ठेवतात, औषध सुटलं की काविळीसारखा त्रास उसळू शकतो.

हे सगळं मिस्टरांना भीती घालायला वापरू नका. भीती आठवडाभर टिकते. पण खोकला, ताप, रात्री घाम आणि वजन उतरणं, या चारांपैकी एक जरी दिसलं तर तारखेची वाट न पाहता जायचं आणि टीबीची तपासणी मागायची. तोंडात पांढरा थर आला, नागीण उठली, तरी तसंच.

तुम्ही दिलेल्या गोळ्या

जीव तुटतो म्हणून दिल्या, समजतं. पण तुमच्या बाटलीतून पाच गेल्या म्हणजे तुमच्या पंचवीसच उरल्या. सात वर्षं नियमानं घेऊन तुम्ही जे मिळवलं त्यालाच भोक पडतं, आणि त्यांचाही हिशेब आणखी बिघडतो. काही जोडप्यांत तर दोघांच्या गोळ्या वेगळ्या असतात, तिथं वाटून घेणं सरळ धोक्याचं. गोळ्या संपत आल्या, तारीख लांब आहे, तर तारखेआधी जाता येतं. परगावी अडकलात तर केंद्रानं दिलेलं उपचाराच्या नोंदींचं हिरवं पुस्तक दाखवून जवळच्या एआरटी केंद्रात विचारा. म्हणून पुस्तकाच्या पहिल्या पानाचा फोटो मोबाइलमध्ये, कुलूप असलेल्या जागी, ठेवा.

त्यांचा व्हायरल लोड खाली येईपर्यंत निरोध वापरा, दोघं बाधित असलात तरी. त्यांच्या अंगातला विषाणू औषधाला सरावलेला निघाला तर तो तुमच्याकडे येणं क्वचित घडतं, पण घडू शकतं. आणि नियमित गोळ्या घेऊन ज्याचा विषाणू तपासणीत सापडतच नाही त्याच्याकडून शरीरसंबंधातून लागण होत नाही, ही गोष्ट आता पक्की आहे. तुमच्या रिपोर्टवरच्या 'आढळला नाही'चा हा अर्थ कुणी तुम्हाला सांगितला होता का? मिस्टरांनाही सांगा. गोळी म्हणजे रोजची शिक्षा असं वाटणाऱ्या माणसाला तिचा हा उपयोग माहीतच नसतो.

भाऊजींना सांगावं का?

त्यांच्या संमतीशिवाय नाही. भाऊजींचा धाक खरा असेल, पण धाकानं माणूस गोळी घेत नाही, गोळी घेतल्याचं दाखवतो. ते तर मिस्टर आत्ताही करत आहेत. आणि त्यांचं सांगितलं म्हणजे तुमचंही सांगितलं. मग सासूबाई, जाऊबाई, मुलाचं ताट, घराच्या वाटण्या. एकदा बाहेर गेलेली गोष्ट परत आत घेता येत नाही. नवऱ्यानं विश्वासानं बायकोजवळ सोपवलेली ही माहिती त्याला विचारल्याशिवाय तिसऱ्याला देऊ नये, कायद्याचा कलही तोच आहे.

मात्र घरात एकालाही माहीत नसणं हे ओझं आहे, ते आम्ही नाकारत नाही. लपवत घ्यायची गोळी चुकण्याची शक्यता जास्त असते. म्हणून प्रश्न उलटा टाका: 'कुणा एकाला सांगायचं झालं तर तुम्ही कुणाला सांगाल?' निवड त्यांची. ते मित्राचं नाव घेतील, मामेभावाचं घेतील, कुणाचंच घेणार नाहीत. कुणाचंच नसेल तर केंद्राशी जोडलेल्या बाधितांच्या गटाची चौकशी करा. शिफ्टमध्ये काम करून गोळ्या सांभाळणारा दुसरा माणूस भेटला की अर्ध्या तासात जे पटतं ते बायकोच्या सात वर्षांच्या सांगण्यानं पटत नाही. कंपनीची भीती असेल तर एवढं माहीत असू द्या: एचआयव्ही आहे म्हणून कामावरून काढणं हा 2017 च्या कायद्यानं भेदभाव आहे. 10 सप्टेंबर 2018 पासून तो लागू आहे.

त्यांच्याशी बोलायचं कसं?

रोज 'घेतली का?' विचारणं थांबवा. ज्याचं उत्तर 'हो' सोडून दुसरं देता येत नाही तो प्रश्न कशाला? आठवड्यातून एकदा, सुट्टीच्या दिवशी, प्यायलेले नसताना, मुलगा खेळायला गेलेला असताना विचारा: 'या आठवड्यात किती राहिल्या? कुठल्या दिवशी?' दोन म्हणाले तर चेहरा बदलू नका. 'बरं, त्या दिवशी काय झालं होतं?' एवढंच. खरा आकडा सांगितल्यावर काही बिघडत नाही हा अनुभव त्यांना आधी तुमच्याकडे यावा लागेल, मग तो केंद्रावर बोलता येईल.

आणि एक विचारून पाहा: झोप लागते का, कशात मन रमतं का, 'कशाला जगायचं' असं मनात येतं का. उदासी आत बसलेली असेल तर डबी आणि कॅलेंडर काही करणार नाहीत. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 वर मराठीत बोलता येतं, नाव सांगावं लागत नाही. तसं मनात येत असेल तर मात्र फोनवर थांबू नका, डॉक्टरांकडे घेऊन जा.

तुमची अडचण शिफ्टची आहे, दुसऱ्या कुणाची हंगामाची असेल. सुरगाणा-पेठकडून दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत कामाला येणारी माणसं छाटणीत, काढणीत एक दिवस मोडू शकत नाहीत. नेमकी तारीख तेव्हाच येते. हंगाम सुरू होण्याआधीच केंद्रावर सांगून तारीख पुढं-मागं करून घ्यावी. गोळ्या नियमित आणि व्हायरल लोड आटोक्यात असेल तर तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम मिळू शकतात, हे मागून घ्यायला हवं. तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात लिंक एआरटी केंद्र (मोठ्या केंद्राला जोडलेलं छोटं केंद्र) असेल तर दर वेळी नाशिकची खेप वाचते. अर्थात गावाजवळ कुणी ओळखीचं दिसेल म्हणून मुद्दाम सिव्हिलच्या गर्दीत येणारेही पुष्कळ आहेत. ज्याला जिथं जायला सोपं तिथं जावं. एसटीची सवलत कंडक्टरला कार्ड दाखवावं लागेल म्हणून न घेणारेही आहेत, त्यांना आम्ही दोष देणार नाही.

'मी कुठं कमी पडले?' असं विचारलंत. त्यांच्या गोळ्या गिळणं हे तुमचं काम कधीच नव्हतं. तुमचं काम तुमची गोळी, आणि ती तुम्ही सात वर्षं नियमानं घेतली आहे. एक मात्र राहिलं असेल: गर्भाशयाच्या तोंडाची तपासणी. एचआयव्ही असलेल्या बाईला त्या कॅन्सरचा धोका इतर बायकांपेक्षा कितीतरी जास्त असतो आणि तपासणी दहा मिनिटांची आहे. पुढच्या तारखेला विचारून घ्या.

त्या तारखेला दोघं मिळून जा. मिस्टरांची रजा मिळत नसेल तर नाईटचा आठवडा बघा, सकाळी सुटून थेट जाता येईल. आदल्या रात्री बाटलीत ज्या गोळ्या उरल्या असतील, पाच असोत की पंधरा, त्या बाटलीतच राहू द्या आणि बाटली तशीच सोबत न्या.